हिरव्या लुगड्याचं टोक

कलाबाईच्या हिरव्या लुगड्याच्या पदराचं एक टोक नाहीसं झालं होतं, आणि ते उंदरानं कुरतडलं नव्हतं. कात्रीनं कापलं होतं. तेही तिरकं, घाईघाईत. आदल्या दिवशी न्हाणीत सोडून ठेवलेलं लुगडं गुरुवारी सकाळी बादलीत भिजवायला घेतलं, तेव्हा ते तिच्या लक्षात आलं. ती तशीच उकिडवी बसून राहिली. खाली हमरस्त्यावरच्या द्वारका चौकात ट्रक बोंबलत होते.

घरात माणसं तीन. मुलगा ललित पहाटेच पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर गेलेला, द्राक्षांचा हंगाम होता. मग उरलं कोण? सून, तृप्ती.

पदर कापण्याचा अर्थ कलाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिंडोरीकडच्या तिच्या गावात बायका मानत, की मूल नसलेली बाई लेकुरवाळीच्या पदराचा तुकडा चोरते. मग चोरणारीची कूस उजवते आणि जिचा पदर गेला तिच्या लेकरावर बालंट येतं. शेजारच्या चंद्रभागाचा पदर जत्रेत कापला गेला होता, आणि महिनाभरात तिचा पोरगा अंथरुणाला खिळला होता. तृप्तीला दोनदा दिवस गेले, पण दोन्ही वेळा तिसरा महिना उलटला नाही. आणि कलाबाईला लेकरू एकच. ललित हा तृप्तीचाही नवरा आहे, त्याचं वाईट करून तिला काय मिळणार, हा साधा प्रश्न तिला पडला नाही. संशय एकदा घरात शिरला की असल्या प्रश्नांना तो आत येऊ देत नाही.

तिनं लुगडं धुतलं, वाळत घातलं आणि सुनेवर नजर ठेवली.

नजर ठेवायला दुसरंही कारण होतं. हॉलच्या कोपऱ्यात उंच पिंजरा होता आणि त्यात ती दोन जनावरं. ललितनं मुंबईच्या एका दुकानातून आणलेली, दुसऱ्या वेळचं सगळं आटोपल्यावर, तृप्ती दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायची तेव्हा. शुगर ग्लायडर म्हणे. खारीएवढी, राखाडी, पाठीवर काळा पट्टा, डोळे नुसते बटबटीत. या फांदीवरून त्या फांदीवर अंग पसरून तरंगत जायची. तृप्तीनं त्यांना गोटी आणि भोवरा अशी नावं ठेवली होती. कलाबाई त्यांना उंदरं म्हणायची.

आणि ती जनावरं चावायची. सुरुवातीला तृप्तीलाही चावली, चांगली रक्त काढून. पण तिनं चिकाटी सोडली नाही. दिवसभर त्यांना कापडाच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. दिवेलागणीला बोटाला मध लावून पिंजऱ्यात हात घालून बसायची, आणि दात लागले तरी हात मागे घ्यायची नाही. "झटकन हात ओढला की त्यांना कळतं, चावलं की माणूस पळतं," ती सांगायची. दोन महिन्यांत ती जनावरं तिच्या खांद्यावर झोपू लागली, आणि तृप्ती पुन्हा हसू लागली. हे कलाबाईनं पाहिलं होतं. पाहून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, सासूला चहा विचारायचं भान नाही आणि उंदरांना मध.

कलाबाईला मात्र ती उंदरं अजून चावत. तीनदा चावली. तिसऱ्यांदा, बुधवारी, अंगठा सुजला तेव्हा ललित चिडला. "रविवारी मी घरी आहे," तो म्हणाला. "आईनं माझ्यासमोर पिंजऱ्यात हात घालायचा. चावले तर पिंजरा त्याच दिवशी परत." ऐकून तृप्ती पांढरी पडली.

त्यानंतर रोज दुपारी तृप्ती झोपली की कलाबाई पिंजऱ्याच्या सळयांवर लाटणं वाजवायची, हे ललितला माहीत नव्हतं. झोपेतली जनावरं दचकून कर्रकर्र ओरडायची. रविवारपर्यंत ती चिडलेली राहिली म्हणजे झालं, एवढाच तिचा हिशेब.

शुक्रवारी संध्याकाळी तिला पुरावा सापडला. पिंजऱ्यात टांगलेली झोपायची पिशवी नवी होती, आणि तिच्या तोंडातून हिरवा काठ डोकावत होता. तिचाच. म्हणजे ही करणी या जनावरांच्या हातून चालली होती. रात्री ललित दोनदा खोकला, तेव्हा ती दोन्ही वेळा उठून बसली.

शनिवारी तृप्ती भाजीला गेली. कलाबाईनं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि चिमट्यानं पिशवीची कड उलटून पाहिली. आत दोन्ही जनावरं एकमेकांना बिलगून झोपली होती. लिंबू नव्हतं, टाचणी नव्हती, कुंकू नव्हतं. बाहेरून जाड कापड आणि आतून तिचा पदर, मशीनवर दुहेरी टीप मारून नीट शिवलेला. एक धागा लोंबत नव्हता, नखं अडकू नयेत म्हणून असेल. कलाबाई घोटाळली. करणी करणारी बाई दुहेरी टीप कशाला मारून घेईल?

मशीन खालच्या मजल्यावर हाजराकडे होतं. साऱ्या बिल्डिंगची शिलाई तीच करायची. कलाबाई पोलक्याची बाही उसवल्याचं निमित्त करून खाली गेली.

"ते हिरवं कापड तूच शिवलं का गं?"

हाजरानं मशीन थांबवलं. "हां मावशी. तुमच्याच पदराचं ना? मी म्हटलं, नवीन फ्लॅनेल देते, चांगलं मऊ. तर नको म्हणाली. अंगावरचंच पाहिजे, बिनधुतलेलं."

"बिनधुतलेलं कशाला?"

"वासासाठी. दिवसभर ज्याच्या वासात झोपतात, त्याला आपलं मानतात म्हणे. तिनं पण आपल्या ओढणीची शिवून घेतली होती पहिल्यांदा. आता तुमची." हाजरानं सुईत दोरा ओवला. "रविवारी हात घालायचाय ना तुम्हाला? रडत होती बिचारी. म्हणे, आईंना चावले तर माझं हे पण जाईल."

कलाबाईला 'हे पण' नीट ऐकू आलं. तिनं बाही चाचपली.

"मग मला विचारलं का नाय तिनं?"

"विचारलं असतं तर दिला असता तुम्ही?"

कलाबाई बाही तशीच उसवलेली घेऊन जिना चढली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल सुनेचा थोडा रागही आला. त्या दुपारी लाटणं फक्त पोळ्यांना लागलं.

पण दोन दिवस वाजवलेलं लाटणं जनावरं कशी विसरणार? हे तिला रविवारी पिंजऱ्यासमोर उभं राहिल्यावर कळलं. दिवे लागले होते. ललित हाताची घडी घालून उभा होता. तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात, ओढणीचं टोक मुठीत धरून. कलाबाईनं मुद्दाम तेच हिरवं लुगडं नेसलं होतं, पदर डोक्यावर.

तिनं हात आत घातला. गोटी फांदीवरच बसून राहिली. भोवरा खाली आला. त्यानं बोट हुंगलं, बराच वेळ हुंगलं, मग चाटलं. कलाबाईनं श्वास सोडला, आणि तेवढ्यात त्यानं चावा घेतला.

कळ थेट खांद्यापर्यंत गेली. हात ओढायचा नाही, तृप्तीचं बोलणं तिला आठवलं. दात हाडाला लागल्यासारखे वाटले तरी तिनं बोट हलू दिलं नाही, चेहराही नाही. ललितला तिची फक्त पाठ दिसत होती. भोवऱ्यानं वाट पाहिली. माणूस पळालं नाही. मग त्यानं बोट सोडलं आणि तिच्या मनगटावर चढून बसला.

"चावला का?" ललितनं विचारलं.

"नाय. चाटलं नुसतं." तिनं त्याला हळूच फांदीवर ठेवलं, हात बाहेर काढून पदरात गुंडाळला आणि दार लावलं. "गरीब हायेत मेली. राहू दे."

ललित "बरं झालं" म्हणत टीव्हीकडे वळला.

ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा हिरव्या पदरावर काळपट डाग पसरत होता. तृप्तीनं तो पाहिला. मग पदराचं कापलेलं टोक पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आई, मी तुम्हाला..."

"हळद आण आधी," कलाबाई हलक्या आवाजात म्हणाली.

तृप्तीनं बोटावर हळद दाबली. कलाबाईनं दुसऱ्या हातानं पदराचं उरलेलं टोक तिच्यापुढं धरलं.

"पिशवीला वास कमी पडला. उद्या हे बी घे," ती म्हणाली. "पण कापायचं तर सरळ काप."