दगडाचं बारसं

आमचं न्हाव्याचं दुकान जपानच्या उत्तरेला, होक्काइदोच्या अशा गावात आहे, जिथे एप्रिलपर्यंत बर्फ जागचा हलत नाही आणि माझा नवरा तर त्यानंतरही नाही. त्यांना वेड आकाशाचं. दुर्बिणीतून एकाच जागेचे थोड्या अंतराने दोन फोटो काढायचे आणि सकाळी फिल्म धुऊन माझ्यापुढे टाकायच्या, एवढंच त्यांचं संशोधन. शोधायचं मी. त्यांच्या दोन डोळ्यांचं कधी एकमत होत नाही. एका डोळ्याला एक फिल्म, दुसऱ्याला दुसरी धरून भिंगातून पाहिलं, की सगळे तारे चपटे बसतात आणि मधल्या वेळात सरकलेला ठिपका तेवढा वर तरंगतो.

एका सकाळी खुर्चीत आमचं नेहमीचं गिऱ्हाईक इशिदातेसान गालाला साबण लावून बसलेले असताना मला असा एक ठिपका तरंगताना दिसला.

"अहो, हा लघुग्रह कुठल्याच तक्त्यात नाही."

"ओई, नीट बघ."

लग्न झाल्यापासून माझं नाव 'ओई', म्हणजे 'अगं ए'. गावासाठी मी नुकागांची बायको. मला किनुए म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे माझी आई, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली.

"शोधक म्हणून माझं नाव टाका," मी म्हटलं.

"टाकतो की. पण मग दगडाला तुझं नाव देता येणार नाही. आपल्या शोधाला आपलंच नाव द्यायचं नाही, असा नियम आहे. त्यापेक्षा शोध माझा राहू दे, नाव तुझं देऊ."

"घ्या वहिनी," इशिदातेसान साबणातून बोलले. "आयता मान कोण सोडतं?"

मला मोह पडला. कुणीतरी किनुए म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी शोध सोडला.

आमच्याकडे मूल सात दिवसांचं झालं की नाव ठेवतात. दगडाचं तसं नसतं. तो मंगळ आणि गुरूच्या मधून रमतगमत सूर्याला फेरी घालतो, आणि नीट दिसेल असा समोर येतो सव्वा वर्षाने वगैरे. दर खेपेला सांगितल्या जागी सापडला, तर त्याची वाट पक्की होते, मग क्रमांक, मग नाव. एका खेपेला ढगच हटेनात. बाकीच्या खेपांना मीच तो शोधून दिला. तोवर इशिदातेसानांच्या डोक्यावर कापायला काही उरलं नाही, तरी ते येत राहिले.

शेवटी क्रमांक आला. नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं, "तुझ्या मानार्थ नाव पाठवलं. नुकागा!"

"अहो, हे तर तुमचं आडनाव!"

"तुझंही तेच ना? लग्नात घेतलंस की."

म्हणजे शोधही त्यांचा, नावही त्यांचं, आणि मला साबणाचा फेस. एवढी तळपायाची आग मस्तकात गेली की हातातला वस्तरा मी आधी खाली ठेवला.

पण नावं मंजूर करणारी मंडळी काही कालची पोरं नव्हती. त्यांनी उलट विचारलं: शोधकाचं आडनाव चालणार नाही. बायकोचा मान करायचा, तर बायकोला स्वतःचं नाव नाही का?

नवऱ्याने कान खाजवला. "ओई... किनुएच ना?"

"आठवलं म्हणायचं!" इशिदातेसान म्हणाले.

दगड किनुए झाला. यंदा शरदात तो पुन्हा समोर आला. नवऱ्याने ताजी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि इशिदातेसानांना दाखवली.

"ही बघा किनुए. काय सुरेख आलीय! एवढ्या वर्षांत किनुएने एकदाही जागा चुकवली नाही. हाक मारावी तिथे हजर."

माझं नाव इतक्या मायेने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. दुकानामागच्या पडद्याआड मी ते पुन्हा ऐकायला कान लावला, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी आत मान वळवली. "ओई! चहा!"

"किनुए वर आहे," मी म्हटलं. "तिलाच सांगा."