भोंगाबाईचा आवाज

मी भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आयुष्यभर दुसऱ्याचंच बोलत आलो. हातात धरायची मूठ, पुढे कर्ण्यासारखं मोठं तोंड आणि एक बटण. दाबलं की माणसाचा आवाज चौपट मोठा होतो, तोच मी. स्वतःचं असं काही सांगायची ही पहिलीच वेळ. अडखळलो तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून आम्ही एकाच खोक्यातून निघालो. माझे भाऊबंद कुणी पोलिसांकडे गेले, कुणी शाळेच्या मैदानावर. त्यांच्या नशिबी ओरडणं आलं. माझ्या नशिबी एक बाई आली.

ती या बंदराच्या शहरात पाहुण्यांना जुनी वस्ती फिरवून दाखवायची. समुद्रावरून आलेल्या परक्या साहेबांनी इथे राज्य केलं, त्यांनी बांधलेलं जकातघर, घड्याळाचा मनोरा, ओळीनं उभी असलेली गोदामं, त्यांचं कब्रस्तान आणि शेवटी जहाजांचा धक्का. दर रविवारी सकाळी ती मला खांद्याला अडकवायची आणि निघायची. गल्लीतली पोरं तिला 'भोंगाबाई' म्हणायची. तिला राग यायचा नाही. उलट मला तोंडाला लावून ती म्हणायची, "भोंगाबाई हजर आहे! चला, सावलीसावलीनं चालू."

जकातघराच्या दारात ती सगळ्यांना थांबवायची. "भिंतीवरची पाटी नंतर वाचा, आधी ही पायरी बघा. मधोमध कशी झिजलीय! साहेब बिचारा इथे गाडीतून उतरायचा कधीमधी. मग झिजवली कुणी? पोती वाहणाऱ्यांनी. त्यांची नावं पाटीवर नाहीत, पण पायरी काही विसरली नाही."

लोक खाली वाकून पायरीला हात लावायचे. मला फार अभिमान वाटायचा. बोलणारी ती, पण फुशारकी माझी.

कब्रस्तानात मात्र ती माझं बटण सोडून द्यायची आणि साध्या आवाजात बोलायची. तापानं गेलेल्या पोरांच्या थडग्यांपाशी ती म्हणायची, "राज्य करायला आले होते खरे, पण आईला काय त्याचं?"

तिचा नवरा बंदरात क्रेन चालवायचा. घरी मी खुंटीवर असायचो, म्हणून दोघांचं बोलणं माझ्या कानावर पडायचं. ती म्हणायची, "अहो, एकदा तरी या ना माझ्याबरोबर फिरायला. लोक कुठून कुठून येतात." तो चादर डोक्यावर ओढून घ्यायचा. "अगं, आठवडाभर घरी ऐकतो ते पुरे नाही का? रविवारी तरी कानांना सुट्टी दे!" दोघंही हसायची. तिच्या फेरीला कधीच न गेलेला हा नवरा मी रोज पाहायचो, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

मग तिचा घसा बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले. "उन्हातान्हात ओरडतेस, दुसरं काय!" नवरा म्हणायचा. घसा मोकळा होईना. मी चौपट करूनही शब्द फाटके निघायला लागले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

योगायोग असा की त्याच सुमाराला सहली चालवणाऱ्या मालकानं तिला बोलावलं. "ताई, आता मशीन आणतोय. लोक कानाला लावतील आणि आपापले फिरतील. त्यात आवाज तुमचाच भरू."

म्हणजे ताईंची गरज संपली, हे त्यानं गोड शब्दांत सांगितलं. ती समजली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "कापून टाकण्यापेक्षा देऊन टाकलेला बरा."

भिंतींना गाद्या लावलेल्या एका खोलीत तिचा आवाज भरला. सवयीनं ती मलाही घेऊन गेली. तिथला माणूस हसला, "बाई, याची इथे गरज नाही." ती मला मांडीवर घेऊन बसली. पाणी पीत, थांबत, खाकरत तिनं सगळं शहर सांगितलं. जकातघराची पायरी सांगताना आवाज चिरकला. "परत घेऊ?" त्या माणसानं विचारलं. ती म्हणाली, "नको. याहून बरा आता येणार नाही."

जाताना तिनं मला मालकाकडे ठेवलं. घरी खुंटीवर पाहवणार नाही, म्हणाली. तेव्हापासून मी पाहुण्यांना मशीनं देतात त्या खिडकीवर, शोभेसाठी एका खिळ्याला लटकतो आहे.

शस्त्रक्रिया झाली. पुढच्या एका रविवारी खिडकीशी तिचा नवरा येऊन उभा राहिला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. "एक मशीन द्या," म्हणाला.

तो कानाला लावून गेला आणि सगळ्यांच्या शेवटी परत आला. डोळे लाल. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "काका, काही बिघडलं का मशीन?"

"नाही गं. बायको आहे ती माझी. किती छान सांगते!"

मग तो दर रविवारी यायला लागला. घरात तिचा आवाज कशातच भरून ठेवलेला नव्हता. रोज घरात असणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं?

एकदा मात्र तो लगेच परत फिरला, घाबराघुबरा. "अगं, यात दुसरंच कुणीतरी बोलतंय!"

"हो काका, नवीन आवाज घातला. लोकांची तक्रार होती, जुना फार घोगरा म्हणून."

"मग जुना द्या ना मला. कुठे असेल तो?"

मुलीनं आत जाऊन विचारलं. परत आली ती मान खाली घालूनच. "जुन्यावरच नवा भरला, काका. जुना पुसला गेला."

त्यानं कानातलं काढून खिडकीवर ठेवलं आणि तो निघून गेला.

मला वाटलं, आता संपलं. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मशीन घेतलं नाही. समोरच्या बाकावर बसून राहिला. लोक फिरून परत आले तसा उठला. मुलीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "ती वाट बघते घरी. काय काय ऐकलं ते खुणेनं विचारते. सांगतो काहीतरी. तेवढ्यावर तिचा आठवडा निघतो."

असे कितीतरी रविवार गेले. आणि एका रविवारी तो आला तेव्हा बरोबर ती होती. गळ्याभोवती ओढणी, अंगानं निम्मी झालेली. हट्टानंच आली असणार, कारण नवऱ्याचा चेहरा पांढराफटक होता. ती माझ्याकडे पाहून हसली. दोन मशीनं घेऊन दोघं गेली.

ती सगळं ऐकून आली. जकातघर, गोदामं, कब्रस्तान, धक्का, काहीही न गाळता. कानातलं काढून तिनं नीट खिडकीवर ठेवलं. मुलगी सवयीनं बोलून गेली, "आवाज कसा वाटला, काकू?" आणि तिनं जीभ चावली.

बाईचे ओठ हलले. इतकी वर्षं ते ओठ माझ्यासमोर हलले होते, मला ऐकावं लागत नाही. ती म्हणाली, "छान आहे. स्पष्ट."

नवरा समुद्राकडे तोंड करून उभा होता. ती त्याच्याजवळ गेली, त्याची वळलेली कॉलर सरळ केली आणि त्याचा हात धरून घेऊन गेली. त्यानंतर दोघंही कधी दिसली नाहीत.

माझ्या पोटातले सेल केव्हाच पाझरले. पाहुण्यांची पोरं बटण दाबून बघतात, काही होत नाही. पुढच्या वेळी रंगकाम निघालं की खिळ्यासकट मीही जाईन. त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की तिचा प्रत्येक शब्द माझ्यातून गेला, आणि माझ्यात एकही राहिला नाही. भोंग्यात काही साठत नाही हो. आठवायला गेलो तर पायरीची गोष्ट आठवते, आवाज आठवत नाही.

माझं ऐकत बसणं आता पुरे. तुमच्या घरात आतल्या खोलीतून कुणी हाक मारत असेल, तर तिकडे जा.