हिरवी चिंधी

खैरुनबी परड्यात आली आणि जागच्या जागी थिजली. मांडवावरच्या घेवड्याला एकही शेंग नव्हती. काल संध्याकाळी अकरा होत्या, मोजून. भाजीच्या कोवळ्या शेंगा तिने केव्हाच तोडल्या होत्या. या अकरा बियाण्याला ठेवलेल्या. वेलावरच वाळायच्या, कुणी हात लावू नये, म्हणून प्रत्येकीच्या देठाला तिने चिंधी बांधली होती.

हा घेवडा तिच्या आईचा. काळं बी, पांढरा डोळा, शेंगेला जांभळी शीर. अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडे नाही, असं आई ठणकावून सांगायची. गेल्या साली प्लेगात आई गेली. सगळी पेठ माळावर झोपड्यांत राहून परतली, तर राखेत बी भरून ठेवलेल्या मडक्यात ओल शिरलेली. नऊ दाणे धड निघाले आणि त्यातला एकच वेल तगला. आईचं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या अकरा शेंगांत होतं.

"कोण मेला शिरलावता माझ्या परड्यात?" तिचा आवाज चार घरं ओलांडून गेला.

कुडापलीकडून शेजारची बनाबाई डोकावली, तोंडभर हसत. "अगं, वरडतीस कशाला? मीच नेल्या. आज पिराचा उरूस न्हाय का? तू घाईत इसरशील, म्हनून सकाळीच सोलून देगीत टाकून आले. तुझा नवस फिटला बघ!"

"कसला नवस?"

"आता गं! हिरवी चिंधी बांधलीतीस की. पिराच्या झाडाला बांधत्यात तशी."

खैरुनबीच्या डोक्यात सणक गेली. दरवर्षी ती जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधायची. यंदा तिचा नवरा गौस पिराच्या कबरीवर घालायचा गलेफ शिवत होता, हिरवी कातरणं पायात येत होती, तीच तिने उचलली होती.

ती तशीच पिराकडे पळाली. देगीत खिचडा रटरटत होता. गव्हात, डाळीत मिसळून दाणे केव्हाच शिजले होते. आचारी कौतुकानं म्हणाला, "बसा, वाढतो." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या हातातला डाव हातातच राहिला.

परत येऊन ती कुडाला भिडली. "आक्का, माझ्या आईला शिजवलंस तू! नाव पिराचं आन् परडं दुसऱ्याचं व्हय?"

बनाबाईचं हसू मावळलं. मग तीही पेटली. "चुकलं माझं! पर चार वर्सं मूठभर बी मागतीया तुला. तवा मडकंभर हुतं. 'आईचं बी घराभाईर जात न्हाय' म्हनलीस. दिलं असतंस, तर आज टोपलीभर शेंगा वतल्या असत्या तुझ्यापुढं!"

बाई खरं बोलत होती, आणि त्याचाच खैरुनबीला जास्त संताप आला. घरात येऊन तिने दोन भांडी आपटली. मग पाण्याची घागर घेऊन ती वेलाकडे गेली. पाणी घालताना वर नजर गेली. मांडवाच्या टोकाला, पानांआड, उशिराचा फुलांचा एक तुरा होता. तिने लुगड्याचा तांबडा काठ टरकावला आणि देठाला बांधला.

"आक्का!" ती कुडाकडे तोंड करून कडाडली. "शेंड्याला एक तुरा हाय. शेंगा धरल्या, तर निम्मं बी तुझं!"

"खरंच?" पलीकडून दबका आवाज आला.

"व्हय! पर तवर हात लावशील तर बघ!"