हिवरवाडी ते शाळा, सायकलने

आमची शाळा कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. हिवरवाडी तिथून साडेसहा किलोमीटर. गावातून सकाळी एकच बस यायची आणि ती रोज पहिला तास बुडवायची. जूनमध्ये मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा त्या तासाला अर्धा वर्ग रिकामा असायचा. सरकारी योजनेतून मुलींना मिळालेल्या सायकली मात्र घरोघर पडून होत्या. कुणाच्या सायकलीवर कडबा रचलेला, कुणाच्या कॅरिअरवर कोंबड्या बसलेल्या.

मी पोरींच्या आयांना भेटले, एका रविवारी पोरींबरोबर स्वतः सायकल चालवली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकोणतीस पोरी सायकलवर येऊ लागल्या. घरून निघाल्याची आणि शाळेत पोचल्याची वेळ प्रत्येकीने लिहायची, असा नियम केला. पहिल्या आठवड्यात बेचाळीस मिनिटं लागत होती, पुढे चौतीस, मग तेहतीस. मी आलेख काढून वर्गाच्या भिंतीवर लावला.

बसमध्ये एकटी राणी उरली. दहावीतली, भिवाजी आणि पद्माबाईंची मुलगी.

"मॅडम, ती नावाचीच राणी हाय," तिच्या वर्गातली शिला म्हणाली. "पायडल मारून ऱ्हायली तर मेंदी निघंल तिची."

वर्ग हसला. राणीही हसली. मीही.

पोळा झाला आणि डेपोने गाडी बंद केली. एका पोरीसाठी बस कोण सोडणार? सोमवारी राणी सायकलवर आली, आणि मी फळ्यावर 'शंभर टक्के' असं लिहिलं.

तिला पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. पुढच्या आठवड्यात एक्कावन्न. मग पंचावन्न. बाकी सगळ्यांच्या रेघा खाली येत होत्या, तिची वर चढत होती. घर्षण असणार, मी ठरवलं. तिची सायकल नाक्यावरच्या विजयकुमारकडे नेली. त्याने साखळीला तेल दिलं, मागच्या चाकातले छर्रे बदलले, सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं. चाक बराच वेळ फिरत राहिलं.

"मॅडम, चाक तर बराबर हाय. पोरगी काहून थकून राहिली ते बघा."

"सवय नाही हो तिला. होईल."

त्यानंतर तिला एक तास दोन मिनिटं लागली.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात शिला धापा टाकत वर्गात आली. "मॅडम, राणी चढावर बसली. उठंना. व्हट निळे पडले तिचे."

नाक्यावरची जीप करून मी तिला हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवली, बराच वेळ ऐकलं, राणीशी हळू आवाजात बोलले आणि मला विचारलं, "हिचं इंजेक्शन कधीपासून चुकलंय?"

"कसलं इंजेक्शन?"

तोवर पद्माबाई आणि भिवाजी पोचले होते. त्यांच्याकडून कळलं. राणी आठ वर्षांची असताना सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन लागतं. पद्माबाई तिला त्याच सकाळच्या बसने नाक्यावर आणायच्या आणि पुढे वाशिमला न्यायच्या. गावात सांगायच्या, मावशीकडं चाललो. बस बंद झाल्यापासून दोन इंजेक्शनं राहिली होती.

"जीपनं का नाही गेलात?"

"जीपवाला गावचाच हाय. कुठं चालले, कशाला चालले, समदं इचारतो."

"मला तरी सांगायचं."

"तुमी फळ्यावर लिवलं असतं," पद्माबाई म्हणाल्या.

मी म्हणाले, "डॉक्टरांचा कागद द्या. आजारी मुलगी आहे म्हणून डेपोत अर्ज करते. गाडी परत सुरू करतील."

"कागद दिला की गावभर झालं. सोयाबीन निघालं की पाहुणे येऊन राहिले तिला बघायला."

"आई, दे ना कागद," राणी खाटेवरून म्हणाली. तिचा आवाज कसाबसा पोचला. "मला दहावी करायची."

"तू गप पड." पद्माबाईंनी माझा हात धरून राणीच्या डोक्यावर ठेवला. "लेकराची शपथ घ्या, मॅडम. कुनाला सांगनार न्हाई."

भिवाजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. राणीचं कपाळ गार आणि ओलं होतं. तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. शपथ घेऊ नका, अशी.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कागदाशिवायच डेपोत गेले. साहेबांनी अर्ज वाचला.

"किती विद्यार्थी?"

"एक."

"एका पोरीसाठी गाडी? काही कारण? आजारी वगैरे आहे का?"

टेबलापलीकडे दोन कंडक्टर चहा पीत होते. त्यातला एक हिवरवाडीचा होता, मी त्याला ओळखत होते. "शाळा लांब पडते तिला," एवढंच मी म्हणाले.

"मॅडम, योजनेची सायकल मिळालीय ना तिला?"

"मिळालीय," मी म्हणाले.

त्यांनी अर्ज परत केला.