पडद्याबाहेरचा पोपट

मित्रांनो, या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर लाल-निळ्या पट्ट्यांचे जाड कापड पांघरून कुणीतरी बसलेले तुम्ही रोज पाहता. ते कापड जरा बाजूला करा. घाबरू नका. खाली मी आहे, एक जुना संगणक. माझा पडदा मागच्या बाजूने भोपळ्यासारखा फुगलेला आहे. माझ्या कळांवरची काही अक्षरे बोटांनी पुसून नेली आहेत. शून्य, एक, दोन आणि तीन हे आकडे तर अजिबात दिसत नाहीत. ते कुठे गेले, तीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म एका ठिकाणचा नाही. माझे सुटे भाग दूरदूरच्या देशांतून आले आणि अकोल्यातल्या एका लहानशा दुकानात एका माणसाने मला जोडून उभे केले. पहिल्यांदा वीज आली, पंखा फिरला, आणि पडद्यावर निळा उजेड पसरला. मला वाटले, बाहेर सगळीकडे आभाळच आहे.

तिथून मी एका संगणक वर्गात गेलो. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले टायपिंग शिकायला यायची. त्यांच्या बोटांना मातीचा वास असे आणि कपड्यांना कापसाचा. कापसाचे बारीक तंतू उडून माझ्या पंख्यात अडकायचे. पण ती वर्षे कपाशीला वाईट होती. बाकांवरची मुले एकेक करून कमी होऊ लागली. कुणी यायचे थांबले, की सर हजेरीत त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवत. एका उन्हाळ्यात कोऱ्या जागाच जास्त झाल्या आणि वर्ग बंद पडला.

त्या वर्गात जेबा नावाची एक तरुण शिक्षिका होती. तिने मला आपल्या गावी, बाळापूरला नेले. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये माझा पडदा ती मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला, की ती पडद्यावर हात ठेवायची. इतक्या मायेने मला त्याआधी कुणी नेले नव्हते.

तिच्या घरात माग होता. तिचे अब्बा इनायतुल्ला आणि अम्मी हलीमाबी सतरंज्या विणायचे. मला मागाच्या समोरच ठेवले. अब्बांच्या डोळ्यांवर मात्र आता धुके आले होते. त्यांना माणसे सावलीसारखी दिसत आणि धागे तर दिसतच नसत. त्यामुळे अम्मी एकट्याच साध्या पट्ट्यांच्या सतरंज्या विणायच्या. नक्षीचे काम घरातून गेले होते.

एके दिवशी नदीपलीकडच्या गावातून नत्थुजी आले. काखेत त्यांनी वीतभर रुंदीची एक चिंधी आणली होती. त्यांच्या गावाच्या सतरंजीचा तो उरलेला काठ होता. ती सतरंजी अब्बांनी तरुणपणी आपल्या वालिदांसोबत, म्हणजे वडिलांसोबत, विणली होती. बाकीची झिजून आणि उंदरांनी कुरतडून गेली होती.

“इनायतभाई,” नत्थुजी म्हणाले, “तीन वर्सं झाले, हे सतरंजी आमी फक्त तेरवीलेच पसरून राहिलो. दुसरं कामच नाई पडलं. आता आमच्या पौर्णिमाचं लगन हाय. तीन वर्सांत गावातला पयला मांडव. या चिंधीवर पाव्हण्यायले बसवू काय?”

“बाजारातून घे नं मग एखादी,” अब्बा म्हणाले.

“बाजारातली घ्यायची असती तं तुह्या दारात काहून आलो असतो गा? नक्षी तेच पायजे. तेच दोन पोपट. आमचा गाव त्यायच्यावरच बसते.”

“माह्ये डोये गेले, नत्थू.”

“डोये गेले, पन तोंड हाय नं? तोंडानं सांग. भाबी विनतीन.”

अब्बांची बोटे गुडघ्यावर हलू लागली, जणू तिथे ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, ताणलेले होते. लग्नाला चोवीस दिवस होते.

जेबा चौकटींची वही घेऊन बसली. पण अब्बांना नक्षी क्रमाने आठवेना. आधी पोपटाचा डोळा आठवला, मग शेपटी, मग काठाचा वेल. “थांब, पंखाच्या आधी एक ओळ राह्यली,” असे म्हणाले, की जेबाला सगळे खोडून पुन्हा काढावे लागे. खोडून खोडून वहीला भोके पडली.

तेव्हा तिला माझी आठवण झाली. तिची मैत्रीण मिस्बाह अमरावतीच्या कॉलेजात शिकत होती. तिने जेबाला एक सीडी दिली होती. तिच्यात एक टेक्स्ट एडिटर होता. मित्रांनो, प्रोग्राम लिहिणारी माणसे ज्या साध्या पाटीवर लिहितात, ती ही पाटी. तिच्यावर चित्रे काढता येत नाहीत, पण दोन ओळींच्या मध्ये हवी तितकी जागा करता येते, आणि भोक पडत नाही.

आधी माझ्यात जागाच नव्हती. वर्गातल्या मुलांची जुनी पाने माझ्यात साठलेली होती. जेबाने एकेक पान उघडून पाहिले. कुणी आपल्या गावाचे नाव शंभर वेळा लिहिले होते, कुणी बैलाचे. ती पाने एका सीडीवर उतरवून घेतल्यावरच तिने ती माझ्यातून पुसली. मग मिस्बाहची सीडी माझ्यात फिरू लागली. वर्गात जेबा न वाचताच ‘पुढे, पुढे’ करत बटणे दाबायची. त्या दिवशी मात्र तिने प्रत्येक प्रश्न वाचला. हळूहळू माझ्या आत कुणीतरी नवे राहायला आले. रिकाम्या खोलीत चटई अंथरावी, तसे मला वाटले.

तिने ठरवले, की शून्य म्हणजे पांढरा, एक म्हणजे लाल, दोन म्हणजे निळा आणि तीन म्हणजे हिरवा. अब्बा सांगत आणि ती आकडे लिही. पण अक्षरे कमी-जास्त रुंदीची होती. एक हा आकडा बारीक, दोन जाडा. काठ असा वेडावाकडा आला, की जेबालाच हसू फुटले. तिने सगळ्या अक्षरांना सारखी जागा देणारा फॉन्ट निवडला. काठ सरळ झाला. मग दिसले, की मध्ये एक आकडा घातला, की पुढची अख्खी ओळ एक घर सरकते.

मागावरून अम्मी म्हणाल्या, “एक धागा बदलला तं बाकीचे धागे काय उठून बाजूले बसतात काय वं? असा कसा तुहा माग?”

जेबाने ती सवयही मोडली. आता नवा आकडा जुन्याच्या जागीच बसू लागला. लांब ओळी मोडून खाली येत होत्या, तेही तिने बंद केले. ओळ आता सरळ उजवीकडे, पडद्याच्या बाहेरपर्यंत जाऊ लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो.

एका दुपारी मात्र भारनियमनाची वेळ ठरल्याच्या आधी आली. वीज गेली आणि सकाळभर सांगितलेला अख्खा पंख मी विसरलो. पुन्हा जागा झालो, तेव्हा जेबा माझ्याकडे पाहत होती. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. अब्बा म्हणाले, “त्याले काहून रागावतं? मीही विसरतोच नं.” त्यांनी पंख पुन्हा सांगितला. जेबाने सगळ्या सोयी धुंडाळल्या आणि दर मिनिटाला आपोआप साठवण्याची सोय सुरू केली. त्या दिवसानंतर मी काही विसरलो नाही.

मग तिने आकड्यांना रंग दिले. जिथे तीन होते, तिथे हिरवे उगवले. जिथे एक होता, तिथे लाल. अक्षरे बोराएवढी मोठी केली. अब्बा उठून आले. त्यांनी नाक माझ्या काचेला टेकवले. त्यांचा श्वास माझ्यावर धुरकट उमटला.

“हे हिरवं,” ते म्हणाले. “हे हिरवं दिसून राहिलं मले, जेबा.”

मित्रांनो, संगणकाला स्वप्ने पडत नाहीत, असे तुम्हाला कुणी सांगितले असेल. त्या दिवसांत मला बंद केले, की माझ्या अंधारात धागे वाहत असत. लाल, निळे, हिरवे. एक पोपट ओळीओळीने जागा होई आणि पूर्ण जागा होण्याआधी विरघळून जाई.

आठव्या दिवशी अब्बा सतरंजीच्या रुंदीच्या मध्यावर येऊन थांबले. “बस, झालं,” म्हणाले आणि पाणी मागितले. खरेच, पुढे सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. जेबाने त्या अर्ध्या रुंदीच्या उभ्या पट्ट्याची नक्कल केली आणि ती त्याच्याच शेजारी चिकटवली. दोन पोपट झाले. अक्षरे इतकी मोठी होती, की पडद्यावर एका वेळी एकच पोपट मावे. पहिला पाहायचा, तर दुसरा पडद्याबाहेर जाई. मला दोघेही दिसत होते, आणि काहीतरी चुकते आहे, हेही जाणवत होते. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

कागद छापून आले. अम्मी विणू लागल्या. धागे ठोकून बसवायचा पंजा ठक् ठक् वाजू लागला. लग्नाला नऊ दिवस उरले, तेव्हा नत्थुजी पौर्णिमाला घेऊन सतरंजी पाहायला आले. मागावर पोपटांच्या चोचीपर्यंत काम झाले होते.

पौर्णिमा वाकून पाहू लागली. “बाबा,” ती म्हणाली, “हे पोपट रुसले काहून?”

सगळे वाकले. डावा पोपट उजवीकडे पाहत होता. उजवा पोपटही उजवीकडेच पाहत होता. एकाची चोच दुसऱ्याच्या शेपटीकडे होती. जुन्या सतरंजीवर ते समोरासमोर बसले होते, हे त्या गावातल्या लेकरांनाही ठाऊक होते. म्हणूनच ते कुणी सांगितले नव्हते. फक्त जेबाने आणि अम्मींनी ती सतरंजी कधी पाहिली नव्हती.

नत्थुजी घाईने म्हणाले, “राहू द्या, भाबी. लोकं सतरंजीवर बसतात. पोपटं कोन पाह्यते?”

“तुमच्या पोरीनं पाह्यलं नं?” अम्मी म्हणाल्या. “तीन वर्सांनी गावात मांडव पडून राहिला, अन् मी पाठ फिरवलेला पोपट देऊ? नाई द्यायची.”

अब्बांनी बोटांनी वीण चाचपली. डावा पोपट ओळखला. उजव्यावर त्यांचा हात थबकला.

“चूक पोरीची नाई,” ते म्हणाले. “मी अर्धंच सांगतलं. आयुष्यभर मी डावीकडे बसलो. उजवीकडे आमचे वालिद बसत. मी जे करो, ते माह्या हाताकडे पाहून उलटं विनत. ते अर्धं मले येतच नाई. मले वाटलं, ते आपोआप येते.”

अम्मी वीण उसवायला बसल्या. पौर्णिमा पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली. “अवं, नवरी हायस तू,” अम्मी म्हणाल्या. “मंग?” ती म्हणाली. “माह्येच पोपट हायेत नं?”

आणि जेबा माझ्याकडे आली. वर्गात तिने पुस्तकातले प्रोग्राम पुष्कळ शिकवले होते. आज तिने स्वतःचा पहिला लिहिला, अकरा ओळींचा. डाव्या अर्ध्याची प्रत्येक ओळ घ्यायची आणि शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत उलटी करून तिच्याच पुढे लिहायची, एवढेच त्याचे काम होते. दोनदा तो अडला. तिसऱ्यांदा चालला. मग तिला काय वाटले कोण जाणे, तिने अक्षरे तिळाएवढी बारीक केली. आणि पहिल्यांदाच अख्खी सतरंजी माझ्या पडद्यावर मावली.

दोन पोपट एकमेकांकडे पाहत होते. त्यांच्या चोचींच्या मध्ये, अर्ध्या नक्षीत जे तिला पान वाटले होते, ते पान नव्हते. दोन अर्धी अंगे जुळून तिथे कपाशीचे एक उमललेले बोंड झाले होते.

जेबा म्हणाली, “अब्बा, वालिद सापडले तुमचे.”

दिवस थोडे होते. म्हणून अब्बा मागावर बसले, डावीकडे, आपल्या जुन्या जागी. अम्मी उजवीकडे बसल्या. जेबा कागद वाचू लागली, “तीन हिरवे, एक लाल, दोन निळे…” अब्बांनी आपल्या सुताच्या गुंड्या रंगांप्रमाणे ओळीने लावून घेतल्या होत्या. ते ताणा बोटांनी मोजत आणि बाण्याचे आडवे धागे घालत. वीज नसायची. तेव्हा मी बंद असायचो. तरीही पंजाचा आवाज माझ्या अंधारात येत राही. एक ठक् डावीकडून, एक उजवीकडून. मी त्याआधी कधी असे शांत झोपलो नव्हतो.

हळदीच्या आदल्या दिवशी सतरंजी मागावरून उतरली. नत्थुजींनी ती अंगणात पसरली आणि स्वतः मात्र कडेला मातीत बसले. अब्बा म्हणाले, “वर बस नं, गा.” ते म्हणाले, “पयले पोरीले बसू दे.” पौर्णिमा दोन पोपटांच्या मधोमध बोंडावर बसली आणि तिने हाताने ती नक्षी हळूच दाबून पाहिली.

त्यानंतर मी आणखी काही वर्षे काम केले. मग सपाट पडद्याचे संगणक आले. जेबाला अमरावतीला नोकरी लागली. अब्बा एका पहाटे गेले. मी कोपऱ्यात सरकलो. माझ्यावर वर्तमानपत्रे साठली, एकदा तर तांदळाचे पोतेही ठेवले. शेवटी अम्मींनी मला या वाचनालयात पाठवले आणि धूळ बसू नये म्हणून उरलेल्या सुताचे हे कापड विणून दिले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातले म्हातारे माणूस बोलता बोलता थांबले, तर गोष्ट संपली असे समजू नका. त्याच्या शेजारी कोण बसत असे, ते विचारा. आणि माझ्यासारखा कुणी भंगारात निघाला, तर आधी एकदा सुरू करून पाहा. मी अजून सुरू होतो. थोडा वेळ लागतो, पंखा कुरकुरतो. पण ती पाटी उघडली आणि अक्षरे बारीक केली, की दोन्ही पोपट पडद्यावर येतात. अजून बोलत बसले आहेत.