दे-इकडे सर

"मास्तर, हात!" शिबिर घेणाऱ्यांनी हटकलं.

मास्तरांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. समोर केशकर्तन विभागाच्या बाई लोखंडी गजाची जाडी मोजायला उभ्या होत्या. कॅलिपरच्या ज्या बारीक जबड्यांनी भोकाचं आतलं माप घेतात, नेमके तेच त्यांनी गजाला बाहेरून लावले होते. मास्तरांना ते बघवत नव्हतं.

शिबिराचा नियमच तसा होता. तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांमध्ये नेतृत्वगुण यावेत म्हणून भरवलेलं शिबिर. प्रत्येकाने आपल्या कामातली एखादी छोटी गोष्ट दुसऱ्या विभागातल्या माणसाला शिकवायची, पण हात पाठीशी ठेवून आणि फक्त प्रश्न विचारून. सांगायचं नाही, करून दाखवायचं नाही.

"बाई, तुम्हाला काय वाटतं, हे वरचे जबडे कशासाठी असतील?"

"चिमटे काढायला."

आजूबाजूचे हसले. बाईंनी कॅलिपर फिरवून पाहिला, गजावर ठेवला, पुन्हा काढला. त्यांना काही घाई नव्हती. मास्तरांचे हात मात्र शिवशिवत होते, आणि शेवटी त्यातला एक सुटलाच. "द्या इकडे," म्हणत त्यांनी कॅलिपर घेतला, गजाला लावला आणि माप वाचूनही टाकलं.

बाई खळखळून हसल्या. "म्हणजे आमच्या पोरी सांगतात ते खरंच की!"

"काय सांगतात?"

"रागावणार नाही ना? तुमच्या वर्कशॉपमधली मुलं तुम्हाला 'दे-इकडे सर' म्हणतात."

मास्तरही हसले. थोडे उशिरा, एवढंच.

"तुमचं बरंय बाई. केस चुकून कापले तरी वाढतात. लोखंड वाढत नाही."

"केस वाढतात हो, पण गिऱ्हाईक परत येत नाही. तरी मी पोरीच्या हातची कात्री काढून घेत नाही. अर्धं डोकं तिचं, अर्धं माझं, असं घेऊन कोण घरी जाईल?"

मास्तर शिबिराला हौसेने आले नव्हते. या वर्षाअखेरीस ते निवृत्त होणार होते, आणि प्राचार्यांनी बजावलं होतं, "जाण्याआधी तुमच्या जागी माणूस उभं करून जा. नाहीतर तुमचा विभाग मला इलेक्ट्रिकलला जोडावा लागेल." मास्तरांना त्यात काळजीचं काही दिसलं नव्हतं. माणूस होतंच. त्यांच्याच हाताखाली लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, शिकलेली आणि नंतर तिथेच शिक्षिका म्हणून लागलेली मुलगी. लेथवर तिचा हात असा बसला होता की धातूची साल एकसंध निघायची. मास्तरांनी तिला शिकवताना हातचं काही राखून ठेवलं नव्हतं. संस्थेत सगळे तिला मास्तरांचा उजवा हात म्हणायचे. उजव्या हाताला स्वतःचं काही मत असतं का, हे कोणी विचारत नाही. मास्तरांनीही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "मी लोकांच्या हातातून वस्तू काढून घेतो का गं?"

"घेता की."

"तू कधी बोलली नाहीस."

"बरणीचं झाकण उघडून मिळालं तर मी कशाला बोलू? मला काय त्याची परीक्षा द्यायचीय?" ती भाजी निवडत होती. मग हात थांबवून म्हणाली, "पण परवा तुम्ही नव्हतात तेव्हा फ्यूज गेला, तर मी शेजारच्यांना बोलावलं. लग्नाआधी मीच बदलायचे. माहेरी सगळे मलाच हाक मारायचे."

 मास्तरांना आठवेना, तिच्या हातून तो फ्यूज आपण पहिल्यांदा कधी घेतला.

संस्था पाहायला बाहेरून पाहुणे येणार होते, तेव्हा मास्तरांनी ठरवलं: लेथचं प्रात्यक्षिक आपल्या त्या शिष्येने करायचं. आपण मागे उभं राहायचं. तिला तसं सांगितलंही. "सगळं तुझं. मी तिथे नाहीच असं समज."

"बरं सर," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, चकच्या जबड्यांत पकडला, कापायचं टूल बांधलं, मशीन सुरू केलं. पाहुण्यांना समजेल अशा साध्या शब्दांत ती सांगत होती. प्राचार्य मान डोलावत होते. मास्तर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांना वाटत होतं, हे आपण पूर्वीच करायला हवं होतं.

मग मशीन खरखरायला लागलं. जॉबवर बारीक लाटा उमटू लागल्या. टूल जरा जास्त बाहेर राहिलं होतं. पट्टी टेबलाच्या कडेबाहेर जितकी पुढे काढावी तितकी जास्त थरथरते, तसंच हे. गेल्याच आठवड्यात तिने फळ्यावर आकृती काढून मुलांना हे समजावलं होतं. मशीन थांबवायचं, टूल आत घ्यायचं, घट्ट करायचं, वेग कमी करायचा.

तिने मशीन थांबवलं. अगदी बरोबर थांबवलं. आणि मग ती बाजूला सरकली.

लेथसमोर एका माणसाएवढी जागा रिकामी झाली. तिने मास्तरांना हाक मारली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळही नव्हता. बसमध्ये वयस्कर माणूस आला की आपण न बोलता उठतो ना, तशी ती सरकली होती.

मास्तर जागचे हलले नाहीत. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. प्राचार्यांनी भुवया उंचावल्या. कोणीतरी खोकलं. चार माणसांत तिची शोभा नको, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं, आणि पुढे होऊन ती जागा भरली. टूल आत घेतलं, आवळलं, वेग उतरवला. साल लांबलचक निघाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

सगळे गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "अडलं कुठे?"

"अडलं नाही सर."

"टूल आत घ्यायचं होतं."

"माहीत होतं."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही येणारच."

यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मास्तरांना उत्तर देता आलं असतं.

"सर, प्राचार्यांनी मला काल बोलावलं होतं. विभागप्रमुख होशील का म्हणून," ती कपड्याने हात पुसत म्हणाली. "मी नाही म्हणून आले."

"अगं, मला तरी विचारायचंस!"

ती कसनुसं हसली. "तेच ना सर."

"तुझ्याएवढं काम इथे कोणाला येतं?"

"काम येतं. दुसऱ्याच्या हातून करून घेता येत नाही. परवा एका मुलीचं टूल तिरकं बसत होतं. बसवलं असतं तिने, वेळ लागला असता थोडा. मी तिच्या हातातून पाना घेतला, आणि तोंडातून काय निघालं माहितीये? 'दे इकडे.' तुमच्याच आवाजात. सगळा वर्ग हसला."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले. शिबिरातल्या बाईंना ही गोष्ट सांगितली तर त्या हसतील का, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. नसत्या हसल्या.

"मी प्राचार्यांशी बोलू?"

"नको सर. आता तेही तुम्हीच नका करू."

विभाग इलेक्ट्रिकलला जोडायचा हे महिन्याभरात ठरलं. तिथले प्रमुख भले गृहस्थ होते. मास्तरांना भेटायला स्वतः आले. म्हणाले, "सगळे लेथ ठेवायला जागा नाही हो माझ्याकडे. दोन ठेवतो. कुठले दोन, ते तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

मास्तरांना ते विचार न करताही सांगता आलं असतं. कुठल्या लेथचा टूल सरकायचा पाट झिजलाय, कुठला दिसायला जुनाट पण मापाला पक्का, सगळं त्यांना पाठ होतं.

"मी नाही सांगत," ते म्हणाले. "शिकवणार ती आहे. तिला विचारून उद्या कळवतो."

दुपारी मुलं गेल्यावर त्यांनी तिला विचारलं. "दोनच राहणार आहेत. कुठले ठेवायचे?"

ती मशीनच्या रांगेतून चालत गेली. एका लेथच्या पाटावर तिने बोट फिरवलं, दुसऱ्याचं हँडल थोडं हलवून ढिलाई पाहिली. परत आली, बोलायला तोंड उघडलं, आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना कुठले हवे आहेत, ते ती तिथे शोधत होती.

मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर एक माणूस गार झालेली स्कूटर किक मारमारून सुरू करत होता. ती काही केल्या सुरू होत नव्हती.

"मला वाटतं..." मागून आवाज आला, आणि थांबला.

मास्तर वळले नाहीत.