चाकातली हवा

वर्षभर मयुरीने एकच गोष्ट जिवापाड जपली होती, ती म्हणजे अदितीवरचा राग. गेल्या वर्षी राज्याच्या व्हीलचेअर शर्यतीच्या संघात एकच जागा उरली होती. रामदासपेठेतल्या प्रयोगशाळेत दोघींच्या ताकदीची चाचणी झाली आणि अदिती निवडली गेली. बाहेर आल्यावर मयुरीने आपल्या शर्यतीच्या खुर्चीचं डावं चाक दाबून पाहिलं, तर ते पार बसलेलं. चाचणीआधी खुर्चीजवळ अदितीखेरीज कोणी फिरकलंच नव्हतं. मयुरीने तोंडातून ब्र काढला नाही. तक्रार करून मिळणारा न्याय हवा होता कोणाला? तिला अदितीला हरताना बघायचं होतं.

त्या रागावर ती जरीपटक्याच्या रस्त्यांवर रोज पहाटे खुर्ची हाणत राहिली. दंड पिळदार झाले, तळहातांना घट्टे पडले.

आज पुन्हा तीच चाचणी, पुन्हा एकच जागा. अदिती रोजच्या खुर्चीतून बाथरूमला गेली आणि तिची शर्यतीची खुर्ची भिंतीशी एकटी राहिली. मयुरीने केसातली पिन काढून तिच्या चाकाचा व्हॉल्व्ह दाबला. हवा फुसफुसत निघाली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं, की हसूच आलं.

अदिती परत येऊन तिच्यात बसली आणि खुर्ची मशीनच्या रोलरवर चढली, जिथे चाकं जागच्या जागी फिरतात. चाचणी घेणाऱ्या प्रज्वलने अंगठ्याने चाक दाबलं. पण हवा न भरताच तो पुढच्या कामाला लागला. त्याने अदितीला आधी वेग घ्यायला लावला, मग हात सोडायला सांगितले. चाकं आपोआप थांबली. मयुरीला हा प्रकार नुसता सराव वाटला. मग खरी चाचणी सुरू झाली. दर मिनिटाला ब्रेक थोडा आवळायचा, हात चालेनासे होईपर्यंत. आता थकेल, मग थकेल म्हणून मयुरी टक लावून बसली. अदिती थकायचं नाव घेईना. पडद्यावरचे ताकदीचे वॅट गेल्या वर्षीच्याही पुढे गेले.

न राहवून मयुरीने विचारलंच, चाक एवढं मऊ असून हिला जड कसं गेलं नाही?

"म्हणून तं आधी हात सोडाले लावतो, ताई," प्रज्वल म्हणाला. "चाक लवकर थांबलं का मशीनले समजते. मग तेवढा ब्रेक ते कमी लावते. हवेनं काही फरक नाही पडत."

"मागच्या वर्षीबी असंच केलं होतं?"

"दरवेळी करतो. तुमचं चाक तं पार बसलं होतं तेव्हा. पण मशीननं ते हिशेबात धरलंच होतं."

घाम पुसता पुसता अदिती थांबली. तिने मयुरीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. गेल्या वर्षी हवा तिनेच सोडली होती, यात शंका उरली नाही. जागा मात्र तिने हातांच्या बळावर नेली होती.

मयुरीची पाळी आली. ती रोलरवर चढली, चाकांना हात घातले. वर्षभर ज्या रागाने हे हात चालवले, त्याचं आता करायचं काय, तेच तिला कळेना.

"किती जड जाऊन राहिलं, ताई? दहापैकी सांगा."

"दहा," मयुरी म्हणाली.

प्रज्वलने पडद्यावर तिच्या छातीचे ठोके पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"अजून तं ब्रेक लावलाच नाही, ताई."